पानगळ आणि पहिलं वर्ष
ऋतू बदलला की माणूस आपोआप सावरतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आई गेली त्यानंतर वर्षभर प्रत्येक ऋतू नव्याने टोचायचा, पहिला पाऊस आला तर तिची छत्री दाराआड तशीच अडकवलेली, उघडायला हातच धजेना. पण पानगळीत फांदी जवळून बघा कधी, पान गळतं तिथे देठाचा वण राहतो आणि बऱ्याच झाडांत त्या वणाच्या अगदी वर इवलासा डोळा असतो, नव्या फुटीचा, तो पान गळायच्या आधीच तयार झालेला असतो (शाळेत शिकवलं असेल म्हणा, मला फार उशिरा दिसलं). वण लगेच बुजत नाहीच. दुसऱ्या पावसाळ्यात तीच छत्री घेऊन निघाले, एक काडी मोडलेली, एक खांदा पार भिजला.