गॅलब्रेथच्या पहिल्या तीन कादंबऱ्या: टोपणनाव बाजूला ठेवून वाचल्या तर?

नारायणपेठी:
कट्ट्यावर अर्धवट राहिलेलं भांडण इथे पुरं करू. विषय रॉबर्ट गॅलब्रेथ, म्हणजे हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंगबाई. पुस्तकं तीन: ‘द कुकूज कॉलिंग’ (२०१३), ‘द सिल्कवर्म’ (२०१४), ‘करिअर ऑफ ईव्हिल’ (२०१५). माझं म्हणणं, रहस्यकादंबरी म्हणून पास होते ती फक्त पहिली. पुढच्या दोन आपण स्ट्राइक आणि रॉबिन यांच्यासाठी वाचतो. खुनी कोण हे कळलं काय नि न कळलं काय, फारसं बिघडत नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: कॉर्मोरन स्ट्राइक हा अफगाणिस्तानात एक पाय गमावलेला माजी लष्करी पोलीस. लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर ऑफिस, तिथेच कॅम्पकॉटवर झोपतो, डोक्यावर कर्ज. रॉबिन एलाकॉट एजन्सीकडून आठवड्यापुरती आलेली सेक्रेटरी. पहिल्याच प्रकरणांत हा धाडकन दार उघडून बाहेर येतो आणि ती लोखंडी जिन्यावरून खाली जाता जाता वाचते. वाचवतानाही तो तिला जिथे धरू नये तिथे धरतो. दोघांचीही ओशाळगत अशी लिहिलीय की पानभरात माणसं उभी राहतात.

मग लुला लँड्री नावाची मॉडेल मेफेअरमधल्या बाल्कनीतून पडून मेलेली असते. पोलीस आत्महत्या म्हणून फाइल बंद करतात आणि तिचा भाऊ स्ट्राइककडे येतो. इथून पुढे निम्मं पुस्तक नुसत्या मुलाखती. गार्ड, ड्रायव्हर, फॅशन डिझायनर, शेजारीण. एकेक माणूस बोलतो, स्ट्राइक वहीत टिपतो आणि आपणही त्याच्याबरोबर ऐकतो. कोणाच्या बोलण्यात कुठे खोट आहे हे लक्ष देणाऱ्याला पकडता येतं. ह्याला म्हणतात वाचकाशी सचोटीने खेळणं.

‘सिल्कवर्म’मध्ये शेवटाकडे स्ट्राइकला उलगडा होतो, तो रॉबिनला सांगतो आणि वाचकाला मात्र दाराबाहेर उभं ठेवतात. ‘करिअर ऑफ ईव्हिल’मध्ये रॉबिनच्या नावाने पार्सल येतं, आत कापलेला पाय. स्ट्राइकच्या डोक्यात चार नावं. पोलीस त्यातल्या एकाच्या मागे, उरलेल्या तिघांच्या मागे हे दोघं. तिघेही इतके नीच की कोणीही निघाला असता तरी मला झोप लागली असती.

खुनी कोण ते कोणी लिहू नये. रसभंग केलात तर प्रतिसाद उडवायला सांगेन.

वाचनवेडी_कोथरूड:
साफ असहमत. तिघींत ‘सिल्कवर्म’ सरस. ओवेन क्वाइन नावाचा लेखक गायब होतो आणि मागे राहतं एक हस्तलिखित, ज्यात त्याने बायको, एजंट, प्रकाशक, मित्र सगळ्यांची घाणेरडी सोंगं काढलीत. म्हणजे संशयित कोण हे मेलेल्या माणसानेच लिहून ठेवलंय, फक्त कोड्यात. प्रकरणांच्या डोक्यावर जुन्या इंग्रजी सूडनाटकांतल्या ओळी आहेत, त्याही शोभेच्या नाहीत. खुनाची तऱ्हाच त्या नाटकांच्या जातीची आहे. पहिल्या पुस्तकात असं काही आहे? श्रीमंत घर, सुंदर मुलगी, बाल्कनी. हे सांगाडे शंभर वर्षं जुने.

नारायणपेठी:
सांगाडा जुना असण्याला माझी हरकत नाही. ‘सिल्कवर्म’मध्ये एजंट, प्रकाशक, समीक्षक झाडून सगळे वाईट. पॉटरबाईंना प्रकाशनजगतावर राग काढायचा होता आणि आता नाव उघड झालंच आहे तर काढून घेतला, असं वाचताना वाटत राहतं.

वाचनवेडी_कोथरूड:
तारखा बघा की जरा! नाव फुटलं जुलै २०१३ मध्ये, आणि त्याच वेळी त्यांनी सांगितलं होतं की दुसरी कादंबरी लिहून झालेली आहे. म्हणजे तुम्हाला जो राग दिसतो तो बुरख्याआडून लिहिलेला आहे. मला तर टोपणनावाचा खरा फायदा तिथेच दिसतो. स्वतःच्या नावाने एवढं झणझणीत लिहिलं असतं तर पहिल्या पानापासून लोक ‘हा प्रकाशक म्हणजे अमुक’ असं शोधत बसले असते.

नारायणपेठी:
ते शोधणं छापून आल्यावर झालंच. आणि राग बुरख्याआडून काढला म्हणून कथानक घट्ट होत नाही.

टिळकरोडचा_टोळ:
बुरखा बुरखा काय लावलंय. प्रकाशनसंस्था तीच, जिने २०१२ मध्ये बाईंची ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’ काढली होती. खरा नवखा लेखक म्हणून कसोटी द्यायची होती तर अनोळखी दारं वाजवायची. वर मलपृष्ठावरचा परिचय: लष्करी पोलिसांच्या साध्या वेशातल्या तपास शाखेत होतो, २००३ मध्ये सैन्य सोडलं, आता खासगी सुरक्षा क्षेत्रात. नाव बदला, कोणी अडवलंय? पण सैनिक असल्याची थाप कशाला? विकत घेणाऱ्याला वाटणार, ह्याने हे सगळं पाहिलेलं आहे.

आणि निकाल काय लागला? नाव फुटेपर्यंत हार्डकव्हरच्या दीड हजार प्रती. फुटल्यावर ॲमेझॉनवर पहिला नंबर. पुस्तक तेच, शब्द तेच.

संगणकी_किडा:
दारं वाजवली होती. निदान एका प्रकाशनाच्या संपादिकेने नंतर जाहीर कबूल केलं की हे हस्तलिखित आपण परत पाठवलं होतं. आणि दीड हजारचा आकडा अर्धवट आहे. ईबुक, ऑडिओ, ग्रंथालयं धरून बाईंच्या बाजूने ८,५०० सांगितला गेला, शिवाय टीव्हीवाल्यांच्या दोन विचारणा. तीन महिन्यांत नवख्याला हे वाईट नाही. आपल्याकडे ८,५०० गेल्या तर लेखक पेढे वाटेल.

माझा रस वेगळ्या गोष्टीत. गॅलब्रेथ म्हणजे रोलिंग ही कुणकुण ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश पेपरला लागली ती ट्विटरवरून. बाईंच्या वकिलांच्या फर्ममधल्या भागीदाराने बायकोच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितलं आणि तिने पत्रकाराला. (त्या वकिलाला पुढे १,००० पौंड दंड झाला. फर्मने सैनिकांच्या कल्याणनिधीला घसघशीत देणगी दिली, आणि बाईंनीही पुस्तकाचं मानधन तिकडेच वळवलं. तेव्हा टोळभाऊ, सैनिकांचं देणं काही प्रमाणात फेडलंय.) मग पेपरने दोन अभ्यासकांकडून मजकूर तपासून घेतला. त्यातल्या पॅट्रिक जुओला यांनी ‘कॅज्युअल व्हेकन्सी’ आणि रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स, व्हॅल मॅकडर्मिड यांची पुस्तकं शेजारी ठेवून संगणकावर तुलना केली. शब्दांची लांबी, सगळ्यात जास्त येणारे शंभर शब्द, शेजारी शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या. कथानक, पात्रं यांच्याकडे बघितलंही नाही. लेखक लपतो तो विषयात. ‘द’ आणि ‘ऑफ’ किती वेळा टाकतो त्यावर त्याचा ताबा नसतो.

हिंगणेकरीण:
टोळ म्हणतात त्या थापेबद्दल. आपल्याकडे १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर नावाने. ह्या बाई कोण, बाईच आहेत की पुरुष, यावरून महाराष्ट्रभर गदारोळ. त्या निघाल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्या काळी स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. तिथे टोपणनाव ही ढाल होती. रोलिंगबाईंना कसली भीती होती? फार तर वाईट परीक्षणाची. मग एवढा बनाव मला तरी हौसेचा वाटतो.

वाचनवेडी_कोथरूड:
वाईट परीक्षणाची नव्हे, फुकटच्या चांगल्या परीक्षणाचीही. ‘कॅज्युअल व्हेकन्सी’चं काय झालं आठवा. पुस्तक बाजारात यायच्या आधी लोकांची मतं तयार होती, दोन्ही बाजूंनी. ‘कुकूज’ची सुरुवातीची परीक्षणं मात्र नवख्या माणसाची म्हणून लिहिलेली आहेत आणि बहुतेक चांगली आहेत. ती कमाई खरी आहे.

आबा_सदाशिव:
आमचे बाबूराव अर्नाळकर हेही टोपणनावच. खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय. कोणी विचारलं नाही की हे चव्हाण कोण. डेक्कन क्वीनमध्ये बसलं की घाट उतरेपर्यंत पुस्तक खलास. तुमच्या ह्या बाईंना एक खून सोडवायला साडेचारशे पानं लागतात. नातवाने दिली म्हणून पहिली वाचायला घेतली. तो डिटेक्टिव्ह चहा पितो, सिगारेट ओढतो, पाय दुखतो म्हणून बसतो. झुंजारने तोवर तीन माणसं पकडली असती.

नारायणपेठी:
आबा, तुमचा मुद्दा पटत नाही आणि तोही माझ्याच बाजूचा असून. तो पाय दुखणं हीच तर पहिल्या पुस्तकातली कमाल आहे. जिना चढावा लागणार म्हणून स्ट्राइक आधी हिशेब करतो. दिवसभर चालल्यावर कृत्रिम पाय काढून ठेवतो तेव्हा गुडघ्याखालचा उरलेला भाग घासून लाल झालेला असतो. तपासाचा वेग त्या पायावर ठरतो. झुंजारला असं काही दुखत नसे, म्हणून तो झुंजार.

टिळकरोडचा_टोळ:
आणि मुखपृष्ठाचं काय? माझ्याकडची नंतरची पेपरबॅक आहे, अप्पा बळवंत चौकातून घेतलेली. पुढे ठळक ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’. आत परिचयात पहिल्याच वाक्यात ‘हे जे. के. रोलिंग यांचं टोपणनाव’ आणि लगेच हॅरी पॉटर. गुपित फुटल्यावर नाव ठेवायचं कशाला?

संगणकी_किडा:
वेगळ्या जातीचं लेखन वेगळ्या फडताळात राहावं म्हणून. दहा वर्षांचं पोर पॉटर समजून ‘करिअर ऑफ ईव्हिल’ उघडेल तर आईबाप कोणाला बोलतील? खुन्याच्या डोक्यात शिरून लिहिलेली प्रकरणं आहेत त्यात. मोठ्या माणसालाही रात्री वाचवत नाहीत.

हिंगणेकरीण:
त्या प्रकरणांबद्दल नारायणपेठी काहीच बोलले नाहीत. तिसरीत रॉबिनच्या भूतकाळात काय घडलं ते कळतं आणि ती घाबरूनही रस्त्यावर उतरते, हे सगळं खुन्याच्या नजरेसमोर. तो तिच्याकडे बघतोय हे आपल्याला माहीत, तिला नाही. भीती याहून कशी लिहायची?

नारायणपेठी:
भीती आहे, मान्य. कोडं नाही. मी परीक्षा घेतोय ती कोड्याची. कोथरूडकर, तुम्हाला परत विचारतो. ‘सिल्कवर्म’मध्ये स्ट्राइक रॉबिनला नाव सांगतो आणि आपल्याला सांगत नाही, तिथे वाचकाला काय मिळतं?

वाचनवेडी_कोथरूड:
रॉबिन मिळते. तिला कळलंय, आपल्याला नाही. तिथून पुढे मी पुरावे बघायचं सोडलं आणि ती कोणाशी कशी वागते ते बघत बसले.

नारायणपेठी:
मग ती रहस्यकादंबरी नव्हे.

वाचनवेडी_कोथरूड:
नसू दे.