मदत हवी आहे: टर्बो स्नोमोबाईलचा (बर्फावर चालणाऱ्या गाडीचा) एक्झॉस्ट नेमका कुठून लीक होतोय?

थंड इंजिन सुरू केलं की हूडखालून टिक-टिक आवाज येतो, तापलं की जवळजवळ बंद. बूस्टही (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उशिरा चढतोय, म्हणून लीक टर्बोच्या आधीच असणार असं वाटतं. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा पाइप) आणि टर्बोच्या जोडावर, खालच्या बोल्टभोवती, काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग आहे. पण तो जुनाही असू शकतो. एक्झॉस्टचे जोड ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा शाबूत आहेत.

आता इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा सायलेन्सरमधून उलटी सोडून जोडांवर साबणाचं पाणी मारायचं म्हणतोय. टर्बोतून मॅनिफोल्डपर्यंत पुरेसा दाब पोचतो का, की सरळ स्मोक टेस्टच (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करू? आणि फ्लँज (जोडाची बोल्ट बसणारी सपाट कड) वाकलाय का, हे कसं तपासता? नुसतं 'सीलंट लाव' कृपया सांगू नका, तिथल्या उष्णतेत ते टिकत नाही.