हनोईच्या जुन्या पेठेतलं छोटं हॉटेल: तुमचे अनुभव सांगा

डिसेंबरात आम्ही दोघं आणि माझी आई हनोईला ५ रात्री राहिलो. होआन किएम तळ्याच्या उत्तरेला जुनी पेठ आहे. चांदीवाल्यांची हांग बाक, रेशमाची हांग गाय, कागदी वस्तूंची हांग मा. आपल्याकडच्या कासार आळी, तांबट आळीसारखीच नावं. तिथल्या १४ खोल्यांच्या बुटीक हॉटेलात उतरलो. दर्शनी बाजू जेमतेम ४ मीटर, आत मात्र लांबच लांब. पुढे दुकान, मागे घर, मध्ये उजेडापुरता चौक अशा जुन्या नळीसारख्या घरांच्याच जागेवर ही हॉटेलं उभी आहेत. म्हणजे रस्त्याकडची खिडकी मजल्यावर एखाद-दुसऱ्या खोलीलाच. आम्हाला मधली खोली मिळाली. पडदा सरकवला, तर हातभर अंतरावर शेजारची भिंत! आईला सकाळ झालेलीच कळेना. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला अडचण सांगितली, तर तिने लगेच पुढची खोली उघडून दिली. खालून फुलांनी लादलेली सायकल चालली होती. आई खिडकीत खुर्ची ओढून बसली ती चहा गार होईपर्यंत. बुकिंग करतानाच खिडकी कुठे उघडते ते विचारून घ्या. तुमचे अनुभवही लिहा, बारीकसारीक तपशिलांसकट.

*

खिडकीबाबत माझा अनुभव उलटा. मी एकटीच गेले होते. रस्त्याकडची खोली हट्टाने मागून घेतली आणि मध्यरात्र उलटली तरी ता हिएन गल्लीतल्या बिअरवाल्यांचा गलका ऐकत पडले. तिसऱ्या रात्री मागची खोली घेतली, तेव्हा कुठे झोप लागली. झोप सावध असेल तर मागचीच बरी.

पहाटे ५ वाजता तळ्याकडे जायला उतरले, तर शटर बंद. लॉबीत आत घेतलेल्या स्कूटर आणि त्यांच्या शेजारी खाटेवर रात्रपाळीचा मुलगा झोपलेला. त्याला उठवायचं जिवावर आलं होतं. तो मात्र हसत उठला, दोन स्कूटर बाजूला केल्या आणि शटर वर केलं. परत आले तेव्हा खाट आवरलेली होती आणि तो पायरी धूत होता. तेव्हापासून आदल्या रात्रीच वेळ सांगून ठेवत गेले.

*

शाकाहारी मंडळींसाठी: आम्ही ६ जण, त्यात सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण माशांचा सॉस, नुओक माम, भाजीतही पडतो. 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. बौद्धांचं शाकाहारी जेवण म्हणजे चाय, आणि काटेकोर चायमध्ये कांदा-लसूणही नसतो. हॉटेलच्या मालकीणबाईंनी व्हिएतनामीत चिठ्ठी लिहून दिली आणि सासूबाईंना पौर्णिमेला आवर्जून बाहेर जेवायला सांगितलं. तिथे चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पुष्कळ लोक चाय खातात. त्या दिवशी लॉबीतल्या देवघरापुढे फळं, फुलं, उदबत्त्या होत्या. सासूबाईंनी चपला काढून हात जोडले. मालकीणबाईंनी नंतर त्यातलंच एक संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं. एकमेकींची भाषा कुणालाच येत नव्हती.

*

थोडक्यात दोन गोष्टी. २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या असतात, टॅक्सीत अंधारात देऊ नका. आणि शनिवार-रविवारी तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. आमच्या टॅक्सीने बरंच अलीकडे सोडलं. फोन केल्यावर हॉटेलचा माणूस चालत आला आणि दोन्ही बॅगा त्यानेच ओढल्या.

*

आम्ही मार्चमध्ये गेलो आणि तिथल्या 'नोम'ने गाठलं. दमट हवेत फरशीला, भिंतींना अक्षरशः पाझर फुटतो. धुतलेले कपडे दोन दिवस ओलेच. बाथरूममधून बाहेर येताना नवऱ्याचा पाय घसरला, मनगट दुखावलं. हॉटेलवाल्यांनी बर्फ आणला, खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र लावलं, दाराशी जुने टॉवेल अंथरले. वयस्कर माणसं सोबत असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल टाळा, असं मी कळकळीने सांगेन.

*

तुमच्या आईंना जिने चढावे लागले का? माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतेय.

*

धागा मीच काढलाय, म्हणून उत्तर देतो. लिफ्ट होती, पण दोन माणसं आणि एक बॅग एवढीच. शिवाय रस्त्यापासून लिफ्टपर्यंत ४ पायऱ्या होत्याच. आधी विचाराच, काही ठिकाणी लिफ्ट नसतेच. नोई बाय विमानतळ तिथून २५-३० किलोमीटर, आमचं विमान सकाळचं, म्हणून ४ वाजताच निघालो. आईला त्या पायऱ्या अंधारात उतरायच्या होत्या. रिसेप्शनवरची तीच मुलगी एका हातात टॉर्च धरून, दुसऱ्या हाताने आईचा दंड धरून खाली आली. गाडीत बसल्यावर तिने आईच्या मांडीवर न्याहारीचा डबा ठेवला: केळी, पाव आणि वर चिठ्ठीवर लिहिलेलं, 'चाय'.