होमरूलच्या वादात ‘दिनमित्र’ आणि ‘जागरूक’ खरंच स्वराज्यविरोधी होते का?

प्रवराकाठ

होमरूलचा इतिहास आपण जवळजवळ सगळा ‘केसरी’च्या बाजूने वाचतो. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात टिळकांची होमरूल (म्हणजे स्वराज्य) लीग स्थापन झाली, बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. पाठोपाठ नगरला टिळकांची भाषणं, त्यावरून २० हजारांचा जातमुचलका (चांगल्या वर्तणुकीची हमी), हायकोर्टात जिनांनी केलेला बचाव आणि ९ नोव्हेंबरला तो हुकूम रद्द. हे सगळं आपल्याला पाठ असतं.

पण त्याच नगर जिल्ह्यातून मुकुंदराव पाटलांचं ‘दिनमित्र’ निघत होतं. १९१० मध्ये सोमठाण्याला सुरू झालेलं हे साप्ताहिक पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीला स्थिरावलं. शहरात नव्हे, खेड्यात चालणारं सत्यशोधकी पत्र. १९१७ पासून पुण्यात वालचंद कोठारींचं ‘जागरूक’ होतं. या पत्रांचं म्हणणं थोडक्यात असं: राज्यकारभार लोकांच्या हाती द्या म्हणता, तर लोक म्हणजे कोण ते आधी सांगा. १९११ च्या खानेसुमारीत साक्षर माणसं शेकडा सहाच्या आसपास. मामलेदार कचेरीपासून हायकोर्टाच्या वकिलांपर्यंत लिहिणारा-वाचणारा वर्ग ठरलेला. जातवार प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर इंग्रजाच्या खुर्चीत कोण बसणार हे कुळकर्ण्याच्या दप्तराशी रोज गाठ पडणाऱ्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या काळी या पत्रांना सरकारधार्जिणं म्हटलं गेलं आणि आपण ते आजही मुकाट्याने म्हणतो. माझं मत असं की त्यांचा प्रश्न स्वराज्याच्या वादाच्या आतलाच होता, आणि ‘केसरी’कडे त्याचं नीट उत्तर नव्हतं.

जुनी_कात्रणं

असहमत. प्रश्न रास्त होता हे मान्य, पण तो कोणत्या वेळी आणि कुणाच्या दारात मांडला तेही बघायला हवं. १९१७ मध्ये नोकरशाहीला नेमकं हेच हवं होतं की एतद्देशीयांपैकीच कुणीतरी उठून म्हणावं, आम्हाला इतक्यात स्वराज्य नको. वाटणी मागायची तर आधी वाटण्यासारखं काहीतरी हातात यावं लागतं. २० ऑगस्ट १९१७ ची भारतमंत्री माँटेग्यूंची टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा अर्जविनंत्यांनी आली नाही. महायुद्धाची अडचण आणि गावोगावचा होमरूलचा रेटा यांनी ती ओढून आणली. पुढे जातवार जागा मिळाल्या त्या याच रेट्यातून आलेल्या १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या कायद्यात.

आणि पत्रांचं म्हणाल तर १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट चालू होता. सरकारविरुद्ध लिहिलं की जामीनरक्कम मागायची, ती जप्त करायची. त्या काळात ‘केसरी’ने पत्करलेली जोखीम आणि ब्राह्मणांवर टीका करण्यातली जोखीम एका मापाने मोजता येत नाही.

भीमथडी

गावात राहून गावातल्या वरच्यांविरुद्ध लिहिण्यात जोखीम नसते, हे मला अजिबात पटत नाही. जामीन जप्त होत नाही, पण गावातलं जगणं अवघड होतं.

टिळकांनी होमरूल समजावताना दिलेला दाखला पाहा. देव बदलायचा नाही, मधले पुजारी बदलायचे आहेत. म्हणजे बादशहा राहू दे, अधिकारी आपले असू देत. राजद्रोहाच्या कलमातून वाट काढणारा फार हुशार दाखला आहे. पण तो ऐकणाऱ्यांत महारवाड्यातला माणूस असता तर? त्याला देवळाच्या पायरीवरही उभं राहता येत नव्हतं. पुजारी गोरा आहे की आपला, याने त्याच्यासाठी काय बदलणार होतं? हा दाखला ज्याला सहज सुचतो आणि सभेला सहज पटतो, त्या सभेत कोण बसलंय ते त्यातूनच कळतं.

बाबासाहेबांनी तरी स्वराज्याला कुठे विरोध केला? १६ जानेवारी १९१९ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक महार’ या नावाने त्यांचं पत्र आलं. स्वराज्य हा ब्राह्मणाचा जन्मसिद्ध हक्क असेल तर तो महाराचाही आहे, हा त्याचा गाभा. पुढे ‘मूकनायक’ने २८ फेब्रुवारी १९२० च्या अग्रलेखाला मथळाच दिला, ‘हे स्वराज्य नव्हे तर आमच्यावर राज्य’. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नव्हती.

टिळकवाडी

बेळगावचा आहे, त्यामुळे थोडं जिव्हाळ्याने लिहितो. डिसेंबर १९१६ ला लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात टिळक उघड म्हणाले की स्वराज्याचे हक्क फक्त मुसलमानांना दिले तरी चालतील, रजपुतांना दिले तरी चालतील, हिंदूंमधल्या खालच्या समजल्या जाणाऱ्या वर्गांना दिले तरी चालतील. ते इंग्रज नोकरशाहीच्या हातून सुटले म्हणजे झालं. स्वतःच्या पक्षातल्या लोकांची नाराजी पत्करून त्यांनी मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. हा माणूस ब्राह्मणांचं राज्य आणायला निघाला होता असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मंडालेहून सहा वर्षं भोगून आलेला, साठीचा, मधुमेहाने जर्जर माणूस गावोगाव फिरून शेतकऱ्याला मराठीत सांगतोय की सरकार म्हणजे काय, ते का बदलता येतं. ज्या वर्गाला राजकारण दुरूनही दिसत नव्हतं त्याला ते त्याच्या भाषेत पहिल्यांदा कळत होतं. याचं मोल ‘दिनमित्र’ वाचतानाही विसरू नये.

प्रवराकाठ

लखनौचं भाषण मोठंच आहे. पण त्यानंतर अकरा महिन्यांनी, नोव्हेंबर १९१७ मध्ये, अथणीत तेच टिळक बोलले. शिंप्यांना कायदेमंडळात जाऊन कात्री चालवायची आहे का, कुणब्यांना नांगर हाकायचा आहे का, अशा अर्थाचं. शब्दांबद्दल वाद घातले जातात, आशयाबद्दल मला शंका नाही. आणि अथणी तुमच्याच बेळगाव जिल्ह्यातली. मुसलमानांना जागा द्यायला जो माणूस तयार झाला तो कुणब्याला जागा द्यायची म्हटल्यावर का अडला? ‘जागरूक’ला नेमकं हेच विचारायचं होतं.

टिळकवाडी

अथणीचं समर्थन करणार नाही. ते बोलायला नको होतं.

ओसरीवर

या सगळ्यात विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव अजून कुणी काढलं नाही, याचं वाईट वाटतं. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेला माणूस. १९१७ मध्ये त्यांनी मराठा राष्ट्रीय संघ काढून शनिवारवाड्यापुढच्या सभेत स्वराज्याच्या मागणीला पाठिंबा दिला आणि ब्राह्मणेतर पत्रांचा राग ओढवून घेतला. मार्च १९१८ मध्ये मुंबईला त्यांनी अस्पृश्यतानिवारण परिषद भरवली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष. टिळक आले. देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देव म्हणणार नाही, असं जोरदार बोलले. आणि अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केली नाही.

१९२० च्या निवडणुकीत शिंदे राखीव जागा सोडून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. ज्यांना वाटतं राखीव जागांची भीती अवास्तव होती, त्यांनी हा निकाल पुन्हा एकदा बघावा.

मेघना_प

सगळे पुरुषांच्या जागा मोजताय. १९१९ च्या कायद्याने बायकांना मत दिलं नव्हतं, मुंबई इलाख्यात ते १९२१ मध्ये आलं. आणि १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला तेव्हा टिळकपक्ष म्हणत होता, आधी मुलगे, पैसे उरले तर मुली. स्थानिक स्वराज्य हातात आल्यावर पहिला प्रश्न आला तो हा, आणि त्याचं उत्तर असं दिलं गेलं. बाकी तात्त्विक चर्चा मी वाचतेय.

जुनी_कात्रणं

मेघनाताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

शिंद्यांबद्दलही सहमत, पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. १९१९ च्या कायद्यात मराठा आणि तत्सम जातींना मुंबईच्या कायदेमंडळात सात जागा मिळाल्या. त्या सात जागांनी काय केलं ते कुणीतरी सांगावं. कारण माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल आला तेव्हा टिळकांनी ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ असं विचारलं, ते तंतोतंत खरं ठरलं. खरी सत्ता गव्हर्नरकडेच राहिली. अपुऱ्या सत्तेतला वाटा मोजत बसण्यापेक्षा ती पुरी मिळवणं हेच त्या वेळी निकडीचं होतं.

भीमथडी

सात जागांचाच हिशेब मागू नका, त्या मंडळात नवी माणसं पोचल्यामुळे काय झालं ते पाहा. सी. के. बोले यांचा ऑगस्ट १९२३ चा ठराव याच कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. बोले भंडारी समाजाचे, ब्राह्मणेतर चळवळीतले. त्याच ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे उतरले. हा प्रश्न मांडायला ‘पुरी’ सत्ता येईपर्यंत थांबायचं होतं का? किती वर्षं?

जुनी_कात्रणं

बोल्यांचा ठराव मान्य. पण तो ज्या सभागृहात आला, ते सभागृह होमरूलच्या रेट्याशिवाय आलं असतं का, याचं उत्तर अजून तुम्ही दिलेलं नाही.

भीमथडी

नसतं आलं, तेवढ्या लवकर तरी नाही. तो रेटा मी नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की त्या सभागृहात पाण्याचा प्रश्न नेणारी माणसं ज्या पत्रांनी घडवली, त्यांना स्वराज्याचे शत्रू म्हणणं तुम्ही आजपासून थांबवा.