मदत हवी आहे: एर्डॅप या डेटा-सर्व्हरवरच्या बोयाच्या डेटात वेळ चुकतेय, मूळ फायली बदलू का?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे एका बोयाचा (पाण्यावर तरंगणारं मोजमापाचं यंत्र) सहा वर्षांचा डेटा आहे, हवेचा दाब, वारा, पाण्याचं तापमान, सगळं तासातासाचं. आतापर्यंत कुणी मागितला की झिप करून मेल करायचो, कुणाला एक्सेल हवं, कुणाला नेटसीडीएफ, शेवटी वैतागून महिनाभर खपून एर्डॅप बसवला. आपण साध्या सीएसव्ही ठेवल्या तरी समोरचा लिंकमधलं एक्स्टेन्शन बदलून हवा तो फॉरमॅट आणि हव्या तेवढ्याच तारखा उचलतो, मला तर जादूच वाटली.

आनंद आठवडाभर टिकला. एका संशोधकाने ईआरए५ या जागतिक हवामान-पुनर्विश्लेषणाच्या डेटाशी ताडून बघितलं तर वादळात दाब तळाला गेल्याची वेळ आमच्याकडे काही तास उशिरा दिसते, आणि तापमानाची रोजची सरासरी आजूबाजूला २८ असताना एका दिवशी एकदम २२.६७! त्यातलं सरासरीचं कोडं सुटलं, सेन्सर गप्प बसला की लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) -९९.९ लिहितो, २४ मधला एक जरी आकडा तसा असला तरी वाट लागते. वेळेचं कारण म्हणजे लॉगर स्थानिक वेळ लिहितो आणि एर्डॅप ती यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरून चाललाय.

आता सगळ्या फायली स्क्रिप्टने दुरुस्त करू का? आणि ज्यांनी आधीच डाउनलोड केलंय त्यांचं काय?

प्रतिसाद: मूळ फायलींना हात लावू नका हो! डेटासेट्स एक्सएमएल या एर्डॅपच्या सेटिंग फाइलमध्ये तापमानाच्या व्हेरिएबलला मिसिंग व्हॅल्यू -९९.९ द्या (टाइप फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, असेल तर इथेही फ्लोटच), आणि वेळेला टाइम झोन अ‍ॅट्रिब्यूट. मग फ्लॅग फोल्डरमध्ये डेटासेट आयडीच्या नावाची रिकामी फाइल टाका, लगेच रीलोड होईल. काय बदललं, कधी बदललं ते डेटासेटच्या हिस्टरी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहा, जुनी कॉपीवाले निदान तिथे बघतील. पण आधी सहाही वर्षं एकाच घड्याळावर आहेत ना ते तपासा. बोया उष्ण कटिबंधात असेल तर दाब रोज स्थानिक सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास वर चढतो, प्रत्येक वर्षाची तासवार सरासरी काढा, शिखर कुठे येतं बघा.

धागाकर्ता: काढली, आणि डोक्याला हात लावला. पहिली दोन वर्षं चक्क यूटीसीत आहेत, नंतर लॉगर बदलला तेव्हा कुणीतरी घड्याळ स्थानिक लावलं आणि वहीत एक ओळसुद्धा नाही. आता एकच टाइम झोन कसा देऊ?

प्रतिसाद: फायली दोन फोल्डरमध्ये विभागा, दोन डेटासेट करा, टाइम झोन फक्त दुसऱ्याला. मग EDDTableAggregateRows हा डेटासेट-प्रकार वापरून जोडा, बाहेरच्यांना एकच दिसेल. लॉगर बदलला त्या दिवसाच्या ओळी मात्र डोळ्यांनी बघा, तिथे काही तास दोनदा आलेले असू शकतात.

धागाकर्ता: आलेत. पाच ओळी. बसतो आता त्या निस्तरत.