बंदिश कुणाची? तुमचा आवडता रचनाकार सांगा

मध्यलय

मैफलीत निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुरा धरून बसलेल्या दोन शिष्यांचीही नावं घेतो. बंदिश कुणी रचली ते मात्र क्वचितच कानावर पडतं. बाहेर पडताना आपणही "आज मारुबिहाग काय रंगला!" एवढंच म्हणतो.

बऱ्याच रचनाकारांनी आपलं नाव अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, गुंफून ठेवलंय. सदारंग, अदारंग, मनरंग, प्रेमपिया, प्राणपिया, सुजान, रामरंग. पण विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात अंतरा कित्येकदा एकदाच येतो, कधी येतही नाही. म्हणजे सही आहे, पण कुणी बघत नाही अशा जागी.

तर इथे गायकांबद्दल नका लिहू, त्या भांडणांना अंत नाही. तुम्हाला कुठला रचनाकार भेटला आणि कुठल्या रचनेत, ते सांगा. गाता येत नसलं तरी चालेल. पाश्चात्त्य संगीतवाल्यांनाही मज्जाव नाही.

सुरुवात मी करते. माझे गुणीदास, म्हणजे पं. जगन्नाथबुवा पुरोहित (1904–1968). जोग आणि चंद्रकंस यांची गाठ मारून त्यांनी जोगकंस बांधला आणि त्यात 'सुघर बर पायो' आणि 'पीर पराई' या रचना दिल्या. एरवी आपण राग शिकतो आणि मग त्यातली बंदिश. जोगकंसाला हे उलटं झालं. आमच्या बाईंनी आरोह-अवरोह सांगितलाच नाही, थेट 'पीर पराई' बसवली. कोमल गंधार कुठे, शुद्ध कुठे, हे मी विचारलं की "मुखड्यात बघ", म्हणजे बंदिशीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या तुकड्यात, हेच उत्तर. आजही रियाजात वाट चुकल्यासारखं वाटलं की मी मुखड्याकडे परत येते. राम मराठे, अभिषेकीबुवा, चिं. रे. व्यास, माणिक वर्मा असे एकाहून एक वेगळ्या गळ्याचे लोक बुवांकडे शिकले. त्या सगळ्या गळ्यांना सामावून घेणाऱ्या रचना करणं काय असेल, विचार करा.

उगीच_ऐकणारा

मला गाण्यातलं कळत नाही. सोलापुरात स्पेअर पार्टचं दुकान, दिवसभर गल्ल्याशेजारी रेडिओ. एका दुपारी कुमार गंधर्व लागले होते, 'बचा ले मोरी माँ'. पुतणी गाणं शिकते, ती तेव्हा दुकानात बसली होती. म्हणाली, काका, ही बकरी बोलतेय. देवीपुढे बळी द्यायला आणलेली. घरी पिलू वाट बघतंय, म्हणून ती आईला, म्हणजे देवीलाच, विनवतेय.

गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याला थांबवलं.

आमच्याकडे जत्रा, नवस, बोकड हे सगळं घरचं. प्रसादाला कधी नाही म्हटलेलं नाही आणि आता म्हणेन असंही नाही. पण बकरीच्या बाजूने कुणी ख्याल रचेल हे डोक्यातच आलं नव्हतं. रागाचं नाव मधसुरजा, सूर्य माथ्यावर असतानाचा. तोही त्यांनीच बांधलेला. नंतर वाचलं की क्षयामुळे 1947 ते 1952 त्यांचं गाणं बंद होतं. देवासला अंथरुणाला खिळून माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले आणि पुढे त्या धुनांतून राग काढले. मालवती, सहेली तोडी वगैरे. गाणं बंद असलेल्या काळात माणूस असं काही गोळा करत होता, याचं मला गाण्यापेक्षाही जास्त वाटतं.

तिहाई

वर कुमारजी आलेच आहेत म्हणून तबल्याच्या बाजूने एवढंच. त्यांच्या मध्यलयीच्या बंदिशींना साथ करायची तर हात आवरावा लागतो. मुखडा अशा जागेवरून उठतो की ठेका जरा भरला की शब्द चिरडलाच. वसंतराव आचरेकरांची साथ ऐका, म्हणजे कळेल.

माझं मत मात्र भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांना. मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेलं नाव, 'अमर'. हंसध्वनी हा राग दक्षिणेकडचा, पण त्यातली 'लागी लगन' आपल्याकडे इतकी मुरली की आपलीच वाटते. मुरादाबादकडून आलेलं घराणं मुंबईच्या गजबजाटात वसतं, लता मंगेशकरांना शिकवतं, आणि आपल्याला भेंडीबाजार म्हटलं की खरेदी आठवते.

छडीवाल्या_बाई

नागपूरहून. मी पस्तिशीत शिकवायला लागले, आता निवृत्त आहे. मुलांना 'काफीत गंधार-निषाद कोमल' असं पाठ करायला लावलं की परीक्षेपर्यंत टिकतं, पुढे नाही. तेच लक्षणगीतातून गाऊन घेतलं की आयुष्यभर राहतं. लक्षणगीत म्हणजे रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारी रचना: वादी (मुख्य स्वर) कोणता, संवादी (त्याच्या जोडीचा) कोणता, वर्ज्य काय. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी अशी पुष्कळ रचली. त्यांतली 'चतुर' ही मुद्रा त्यांचीच.

हा वकील माणूस. पदरमोड करून देशभर हिंडला आणि उस्तादांच्या पेटाऱ्यातल्या बंदिशी कागदावर आणल्या. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्राला खाली टिंब, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य. एवढ्या सामग्रीवर मुलं अनोळखी बंदिश वाचू लागतात. घराण्याच्या बाहेरच्या, गरिबाघरच्या मुलीला हे किती मोठं आहे ते घराण्यातल्यांना कळणार नाही.

खर्ज

बाई, आदर आहे, पण भातखंडे हे संग्राहक. लक्षणगीत ऐकून कुणाच्या अंगावर काटा आलाय? चतुर रचनाकार कसला, चतुर मास्तर. आणि कागदावर आल्यामुळेच आज दहा गावांतली दहा मुलं एकच बंदिश एकसारखी, इस्त्री केल्यासारखी म्हणतात.

छडीवाल्या_बाई

इस्त्री केलेले कपडे चुरगाळता येतात. नसलेले कपडे घालता येत नाहीत.

मध्यलय

दोघांचंही राहू द्या. भातखंड्यांच्याच शिष्याचं, श्री. ना. रातंजनकरांचं ('सुजान') नाव कुणी घेतलं नाही याचं मला नवल वाटतं. सालगवराळीसारखा राग आणि अंगावर काटा आणणाऱ्या रचना, दोन्ही त्या परंपरेतून आलं. खर्ज, तुम्ही तेवढं ऐकून या.

लाइपझिगकर

मज्जाव नाही म्हणालात म्हणून येतो. मूळ चिपळूणचा, लहानपणी पेटी शिकलो, आता लाइपझिगमध्ये नोकरी. इथल्या थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख 1723 पासून 1750 साली जाईपर्यंत संगीतप्रमुख होता. त्याची कबरही तिथेच. शुक्रवारी संध्याकाळी तिथली मुलं त्याची मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायची धार्मिक गाणी, गातात. पहिल्यांदा गेलो ते थंडीतून आत शिरायला मिळावं म्हणून. चार आवाज चार वाटांनी जातात आणि तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. एकच सूर धरून वाढलेल्या माझ्या कानाला त्यातला एक धरायचा की सगळे, हेच कळेना. शेजारच्या आजींनी सांगितलं, आज फक्त खालचा आवाज ऐक, वरचे पुढच्या आठवड्यात. अजून तसंच ऐकतो.

आता मुद्रेची गंमत. जर्मन स्वरलेखनात 'बी' म्हणजे आपण 'सी'ला सा धरला तर कोमल निषाद, आणि शुद्ध निषादाला 'एच' म्हणतात. त्यामुळे त्याचं आडनाव स्वरांत म्हणता येतं: कोमल नी, ध, सा, शुद्ध नी. 'आर्ट ऑफ फ्यूग'मधल्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये (एकेक आवाज मागोमाग तोच विषय उचलतो अशी रचना) त्याने हे चार स्वर विषय म्हणून घेतलेत. शब्दच नाहीत, तर सही स्वरांतच! पेटीवर वाजवून बघा. शेवटच्या दोन स्वरांची अदलाबदल केलीत की थेट मियाँ मल्हारात पोचाल.

जवारी

मियाँ मल्हार निघालाच आहे तर माझं सांगतो. मिरजेला तानपुऱ्याचं काम करतो. जवारी काढून झाली, म्हणजे तार खुलून बोलावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून झाली, की गायक तारा छेडतो आणि तपासायला दोन ओळी म्हणतो. पावसाळ्यात ती हमखास 'करीम नाम तेरो' असते. गंध लावलेले येतात, टोपीवाले येतात, म्हणतात तेच. अंतऱ्यात दुःख-दारिद्र्य दूर कर, सगळ्यांना सुख दे असं मागणं आहे आणि मागणारा अदारंग. फिरोज खाँ. सदारंगांचा पुतण्या, मोहम्मदशाह रंगिल्याच्या दिल्लीतला. त्याच दिल्लीवर 1739 मध्ये नादिरशाह चालून आला होता.

मला गाता येत नाही, पण तारेवरून एक कळतं. त्या बंदिशीचा पहिला शब्द म्हटला की खर्जाची तार कशी बोलते ते लगेच उघडं पडतं. जवारी कच्ची असेल तर गायक 'करीम'लाच थांबतो आणि माझ्याकडे बघतो.

मडगांवची

बाबा व्हायोलिन वाजवत, चर्चमध्ये शिकलेले, त्यांच्या पिढीत बरेच तसेच. त्यांच्या तोंडी एकच नाव: अँथनी गोन्साल्विस. आमच्या जवळच्याच माजोर्ड्याचे. मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदात नाव काढलं आणि 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आपले राग सिम्फनीच्या पटावर मांडले, लताबाई आणि मन्ना डे गायला. बाबा म्हणत, आम्हाला घरी एक संगीत आणि पोटासाठी दुसरं. या माणसाने दोन्ही एका कागदावर लिहिलं. लोकांना त्यांचं नाव भलत्याच कारणाने माहीत आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

ठाणे_लोकल

आईला पारंपरिक ठुमऱ्या-ख्यालांतल्या सास-ननदेचा मनस्वी कंटाळा. "लिहिणारे पुरुष, रडणाऱ्या आम्ही," म्हणायची. प्रभा अत्र्यांची (1932–2024) 'जागू मैं सारी रैना' ऐकली आणि रचनाही त्यांचीच आहे कळल्यावर तिने क्लास पुन्हा लावला. त्यातही जागरण आणि वाट पाहणंच आहे, हे मी तिला दाखवून दिलं. "हो, पण ही आपली आपण जागतेय," असं म्हणाली. मला फरक ऐकू येत नाही. तिला येतो. किशोरीताईंची भूपातली 'सहेला रे'ही तिच्या यादीत आहे. त्यात सासू नाही, नणंद नाही, सोबतीने गायला बोलावणं आहे.

नवा_साधक

मी सगळ्यांत लहान असेन इथे. भीमपलासीत स्वतःची एक बंदिश केली आहे, सोळा मात्रांत कशीबशी बसते. गुरुजींनी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, अंतरा चांगला आहे, अस्थाई (पहिला भाग) टाकून दे. आता अंतऱ्यात मुद्रा काय घालावी यावर घरात चर्चा चालू आहे. रंग, पिया, दास सगळे घेऊन झालेत. आजी म्हणते कुलदैवताचं नाव घाल. भाऊ बँकेत आहे, तो म्हणतो 'हप्तेपिया' ठेव, अजून कुणी घेतलेलं नाही.