चहा स्वस्त होणार होता, मग तो समुद्रात का टाकला?

प्रश्न
1773 च्या चहा कायद्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकी वसाहतींत पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता, असे वाचले. असे असताना त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टन बंदरात 342 पेट्या फोडून चहा पाण्यात ओतण्याचे कारण काय? ‘कर वाढवला म्हणून’ हे शाळेत घोकलेले उत्तर आता पटत नाही.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे, कारण कर वाढलाच नव्हता. पौंडामागे तीन पेन्सची 1767 ची जकात तशीच राहिली. इंग्लंडमध्ये भरलेली जकात मात्र कंपनीला परत मिळू लागली आणि लंडनचा लिलाव टाळून स्वतःच्या आडत्यांमार्फत थेट वसाहतींत माल विकण्याची मुभा तिला मिळाली. त्यामुळे डच चहा चोरून आणणाऱ्यांइतकेच सरळमार्गी व्यापारीही हवालदिल झाले. त्यात बॉस्टनच्या आडत्यांपैकी दोघे खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांचे पुत्र!

प्रतिसाद २
व्यापाऱ्यांचे नुकसान हे कारण खरे असले, तरी मला ते दुय्यम वाटते. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमत असे, पण त्याचा पगार वसाहतीची विधानसभा मंजूर करी, आणि त्याला वेसण घालण्याचे तिच्या हातातले हेच मोठे साधन होते. 1772 पासून हा पगार जकातीच्या उत्पन्नातून देण्याचे ठरल्यावर ती वेसणच सुटली. म्हणजे स्वस्त चहा जितका खपेल, तितका गव्हर्नर विधानसभेला जुमानेनासा होणार होता.
तारखेचेही कारण आहे. ‘डार्टमाउथ’ जहाज 28 नोव्हेंबरला आले होते आणि वीस दिवसांत जकात न भरल्यास अधिकारी माल जप्त करू शकत होते. जकात न भरता जहाज परत जाऊ देण्यास हचिन्सन तयार नव्हते, त्यामुळे मुदत संपण्यापूर्वीची ती शेवटची रात्र ठरली.

प्रश्नकर्ता
पगाराचा मुद्दा मला नवीन आहे, आभार. हा चहा आपल्याकडचा होता का?

प्रतिसाद ३
नाही, तो चिनी होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोहोचायला आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली. हिंदुस्थानचा संबंध आहे तो कंपनीच्या दिवाळखोरीशी. 1770 च्या दुष्काळाने बंगाल उजाड झाला, लष्कराचा खर्च मात्र वाढतच राहिला आणि लंडनच्या गोदामांत न खपलेला चहा साचला. कंपनीने सरकारपुढे हात पसरला तेव्हा 1773 मध्येच तिला कर्ज मिळाले, कारभारावर रेग्युलेटिंग ॲक्टचा लगाम आला आणि साचलेला चहा अमेरिकेच्या गळ्यात मारण्याची वाट मोकळी झाली.